जंबेरीच्या रोपांना कॉफी

साधनाला राग यायला मोठं कारण लागायचं नाही. पण त्या दिवशी कारण होतं. भाद्रपदातली झड सकाळपासून थांबायचं नाव घेत नव्हती, मस्तगडच्या उतारावर चपलेचा अंगठा तुटला होता, आणि नर्सरीत काम करणाऱ्या दोन मावश्या बियाणांच्या दुकानाच्या वळचणीला कुडकुडत उभ्या होत्या. समोर कॉफीचं छोटंसं दुकान दिसलं. ती पाय ओढत आत शिरली.

"तीन कॉफी. पार्सल. पन्नीत बांधून द्या, जल्दी."

काउंटरमागचा तरुण दूध ढवळत होता. त्याने वर पाहिलं, आणि मग जरा जास्तच वेळ पाहिलं.

"पन्नीत न्हाई देत आपण."

"मंग कागदी कप द्या."

"त्यालाबी आतून प्लास्टिकच असतंय. किटली देतो, गिलास देतो. वापस आणून द्या."

"अन् न्हाई आणले तर?"

"आणता की. रागीट माणसं दुसऱ्याची वस्तू ठेवून घेत न्हाईत." तो हसला. "बाकी, काखेत काय हाय तुमच्या?"

काखेत रोपांच्या काळ्या पिशव्यांचा गठ्ठा होता. अख्खा प्लास्टिकचा. साधनाच्या कानशिलापर्यंत आग गेली, कारण मेला खरं बोलला होता.

किटली परत द्यायला ती मुद्दाम मागच्या बोळातून गेली. त्याचं हसणं पुन्हा बघायचं नव्हतं. पण तिथे तोच उभा... हातात बादली, आणि बादलीतला कॉफीचा काळा, ओला चोथा तो नालीत ओतत होता. नाली आधीच तुंबलेली. घाण पाणी शेजारच्या उंबऱ्याला टेकलेलं.

"वा रे वा!" साधना कडाडली. "पुढं गिऱ्हाइकाला शाळा शिकवायची, अन् मागं नालीत घाण करायची? लाज वाटती का काही?"

बोळातल्या दोन खिडक्या उघडल्या. बादली तशीच धरून तो म्हणाला, "मंग... काय करू याचं?"

"माझ्याकडं आण. म्हणजे आणा. अंबड रोडला नर्सरी हाय माझी."

बोलून गेली, आणि परतताना जीपमध्ये स्वतःवरच चिडली.

त्याचं नाव कल्याण. भोकरदनचा. बेंगळुरात कॉफीच्या दुकानात राबून परत आलेला. संध्याकाळी तो मोटरसायकलवर बादल्या बांधून नर्सरीत यायचा, आणि साधना त्याला खड्ड्याजवळ उभं करून हुकूम सोडायची. आधी पालापाचोळा, त्यावर शेण, त्यावर चोथा, पुन्हा पाला. चार महिने कुजू द्यायचं.

"तुमचा राग कधी उतरतो?" एकदा त्याने विचारलं.

"उतरला की सांगते."

"न्हाई, राहू द्या. रागात लय छान... असं म्हणणार होतो. पण फावडं हाय तुमच्या हातात."

तिने फावडं खाली ठेवलं नाही. हसू मात्र आलं, म्हणून पाठ फिरवली.

त्याने पिशवीतलं दूध बंद केलं, गवळ्याचा कॅन लावला. तिने रोपं नेणाऱ्यांना रिकाम्या पिशव्या परत आणायला बजावलं. त्याचा तो टोमणा तिला अजून बोचत होता, पण हे तिने त्याला सांगितलं नाही. सांगितली ती वेगळीच गोष्ट. तिच्या आबांनी, वडील रामकिसनरावांनी, तिला एकच साल दिलं होतं. जंबेरी लिंबाची रोपं मोसंबीच्या कलमाचा डोळा बांधण्याइतकी जाड झाली तर नर्सरी तिची. नाही झाली तर गाशा गुंडाळून घनसावंगीला परत, आणि मग स्थळं बघायची.

"होतीन की जाड," तो हळूच म्हणाला. "व्हायलाच पाहिजेत."

बादल्या उचलता उचलता त्याने पहिल्या ओळीकडे पुन्हा एकदा बघून घेतलं.

भाऊबीजेला ती घरी गेली. कापूस वेचायला बाया मिळेनात, म्हणून तुळशीच्या लग्नापर्यंत अडकली. मावश्याही आपापल्या गावी गेल्या होत्या. रोपांना पाणी घालायचं काम कल्याणने आपणहून घेतलं होतं, आणि जाताना तिने फाटकाची चावी त्याला दिली होती. परत आली तेव्हा तो फाटकातच उभा होता, नवा शर्ट घालून.

"डोळे मिटा. गंमत करून ठेवली हाय."

तिने डोळे मिटले नाहीत. आणि पाहिलं ते असं : एकूणएक पिशवीत, रोपाच्या बुंध्याला, कॉफीच्या चोथ्याचा बोटभर थर. कच्च्या चोथ्याचा. उन्हाने तो वाळून पापडासारखा कडक झालेला. वरून घातलेलं पाणी मुळाशी न जाता बाहेर वाहून गेलेलं. रोपं पिवळी पडून माना टाकून उभी होती.

"जास्त खत... म्हणून..." कल्याण पुटपुटला. "पिवळी पडली तसं आणखी घातलं."

"चार महिने कुजवायचं म्हणलं होतं ना मी! कान कुठं ठेवले होते? नावाचाच कल्याण तू! माझं अख्खं साल जाळलंस!"

रागाच्या भरात ती त्याला 'तू' म्हणाली, या वेळी न सुधारता, आणि दोघांनाही ते कळलं.

"पुन्हा पाय ठेवू नको इथं."

तो गेला. साधना रोपांच्या ओळीत मटकन बसली. रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. हे त्याने केलं होतं, आणि जीव लावून केलं होतं, म्हणून तर सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाटक वाजलं. कल्याण. हातात दुकानातले चमचे.

"पाय ठेवू नको म्हणलात तर रांगत येतो," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

फाटक उघडं ठेवून ती आत वळली. तो पहिल्या ओळीशी बसला आणि चमच्याने एकेका पिशवीतला थर उकरू लागला, मुळाला धक्का लागू नये असा, जपून. दुकान दुपारपर्यंत बंद. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. साधना समोरच्या ओळीत बसली. त्याने उकरलेल्या पिशवीत पाणी तीच घालायची, आणि पाणी मातीत मुरताना दोघंही श्वास रोखून बघायचे.

संक्रांतीला साल भरलं आणि आबा आले. धोतराचा सोगा धरून ओळी-ओळीने फिरले. निम्म्याच्या वर रोपं तगली होती, नवी पालवी होती, पण खोडं बारीक. डोळा बांधायला अजून अवकाश होता.

"हे असं झालं," आबा म्हणाले. "चल, सामान बांध."

खड्ड्यात चोथा पसरायचं सोडून कल्याण उठला. "काका, हिची चूक न्हाई. माझ्यामुळं..."

"तू मधी बोलू नको!" साधना गरजली. "नर्सरी माझी. चावी मीच दिल्ती याला. आबा, मी येत न्हाई घरी. ही रोपं पावसाळ्यात जाड होतीन. न्हाई झाली तर पुन्हा बी टाकीन."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग चोथ्याने काळी झालेली त्या पोराची नखं पाहिली.

"रोपांसाठी राहतीस," त्यांनी सावकाश विचारलं, "का याच्यासाठी?"

"दोन्हीसाठी!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या वावरातला माणूस थांबला.

आबा टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग खाटेवर टेकले आणि म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत बघू." कल्याणचं तोंड उघडं ते उघडंच. इतके महिने जे सांगायला तो शब्द जुळवत होता, ते तिने आपल्या बापासमोर ओरडून टाकलं होतं. साधनाचे कान लालबुंद झाले. तिने झारी उचलून त्याच्या छातीशी दाबली.

"बघत काय राहिलास? पाणी घाल रोपांना!"