चोरीला गेलेली चूक

झेरॉक्सच्या दुकानातला पंखा तसा रोजच जोरात फिरायचा, पण त्या दिवशी त्याने अगदी कहर केला. तिच्या हातातले कागद उडाले, शेजारी उभ्या असलेल्या उंच माणसाचेही उडाले, आणि दोघांची पानं जमिनीवर अशी काही मिसळली की दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"अहो, बघताय काय? उचला ना!" ती म्हणाली.

"उचलतोच आहे... पण हे पान तुमचं की माझं?"

तिने बघितलं. पान तिचं होतं. त्याच्या दुसऱ्या हातातलंही तिचंच होतं. तिच्या हातातलं मात्र तो स्वतःचं म्हणून मागत होता! मग दोघांनी एकदमच वरची ठळक ओळ वाचली. मुलींना संगणक शिकवण्यासाठी दोन संस्थांमधला सहकार्य करार. पहिला पक्ष, वाचनालय. दुसरा पक्ष, कंपनी.

"म्हणजे... तुम्ही पहिला पक्ष?"

"आणि तुम्ही दुसरा! एवढ्या मोठ्या कंपनीत झेरॉक्सचं मशीन नाही होय?"

"आहे ना. जरा अडकत होतं, म्हणून सकाळी मी ते दुरुस्त करायला घेतलं."

"मग?"

"मग आता ते अजिबातच चालत नाही."

तिला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसताना त्याचे कान लाल झाले. कान लाल होणारा माणूस फार लबाड नसतो, असं तिची मावशी म्हणायची. ते तिला उगाचच आठवलं.

आता हा पहिला पक्ष म्हणजे काय, तर बाजारामागचं एक जुनं दुमजली वाचनालय. खाली पुस्तकं, वरच्या खोलीत तिचा वर्ग, आणि त्याच्यावर गच्ची. वर्गात सोळा मुली. कोणाच्या घरी संगणक नाही, कोणाच्या घरी आहे पण तो भावाचा. दुसऱ्या पक्षाने, म्हणजे कंपनीने, तेरा लॅपटॉप द्यायचे आणि दर शनिवारी एक इंजिनिअर पाठवायचा, असं कलम दोनमध्ये लिहिलं होतं. तो इंजिनिअर म्हणजे हेच लाल कान, हे तिला पहिल्या शनिवारी कळलं. वर्ग सुरू व्हायच्या आधी तिने दोनदा आरशात बघितलं होतं, पण ते कोणत्याच कलमात येत नव्हतं.

आणि पहिल्याच तासाला तो ओरडा खाऊन बसला.

झालं काय, की चष्मिसचा प्रोग्रॅम अडला. चष्मिस म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात तिखट मुलगी. चष्मा नाकावरून सारखा घसरायचा, जीभ मात्र कधी घसरायची नाही. तो तिच्या मागून वाकला, माउसला हात घातला, आणि सोळा मुली एका सुरात ओरडल्या, "हात मागे!"

तो दचकून सरळ उभा राहिला.

"आमच्याकडे नियम आहे," ती म्हणाली. "शिकवणाऱ्याने मुलींच्या कीबोर्डला, माउसला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधायचे. बोला, विचारा, फळ्यावर चित्रं काढा. हात नाही."

"आणि बोटं शिवशिवली तर?"

"तर खाली जाऊन पुस्तकांची धूळ झटकायची. खूप आहे."

त्या दिवशी त्याने तीन कपाटं झटकली.

पण गडी चिकाटीचा निघाला. पुढच्या शनिवारी दोन कपाटं, त्याच्या पुढच्या शनिवारी एकच. वर्ग सुटला की दोघं जिन्यात चहा घेत उभे राहायचे.

"कलम सहा काय म्हणतं?" तो विचारायचा. "दुसरा पक्ष पहिल्या पक्षास आवश्यक ते सर्व सहकार्य करील. आता पहिल्या पक्षाला दर शनिवारी घरापर्यंत सोडणं हे सहकार्यात येतं की नाही?"

"पहिल्या पक्षाचं घर समोरच्या गल्लीत आहे."

"लांबून गेलं तर?"

"लांबून गेलं तर..." ती कपातल्या चहाकडे बघत म्हणायची, "तर वीस मिनिटं लागतात."

ती वीस मिनिटं पुढे चाळीस झाली. अशाच एका लांबच्या रस्त्यावर तिने त्याला त्या नियमाचं मूळ सांगितलं. घरी पहिला संगणक आला तेव्हा ती बारा वर्षांची होती. काही शिकायला बसली की दादा यायचा आणि माउस काढून घ्यायचा. दे इकडे, तुला नाही जमायचं. दोन मिनिटांत करून द्यायचा आणि डोक्यावर टपली मारून जायचा.

"दादा वाईट नव्हता हो. फार जीव होता माझ्यावर. पण ते 'दे इकडे' ऐकून ऐकून मला खरंच वाटायला लागलं की मला जमायचं नाही. पुढची दहा वर्षं गेली त्यात."

चालता चालता त्याने आपले दोन्ही हात हळूच पाठीमागे बांधले. तिने ते पाहिलं, आणि घराची गल्ली आली तरी ती सरळच चालत राहिली.

वर्ष संपत आलं तशी कंपनीची चिठ्ठी आली. मोठ्या मॅडम स्वतः येणार, मुलींचं काम बघणार आणि करार पुढे चालवायचा की नाही ते तिथल्या तिथे ठरवणार. आवडलं नाही तर लॅपटॉप परत. म्हणजे वर्गाला कुलूपच.

चष्मिसने पाऊस-घंटा करायला घेतली होती. तिची आई लोकांचे कपडे धुऊन द्यायची आणि वाचनालयाच्या गच्चीवर वाळत घालायची. अवेळी सर आली की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून चष्मिसला पुस्तक सोडून आभाळ राखत बसावं लागायचं. आता लॅपटॉपला तारेने जोडलेली एक छोटी पट्टी गच्चीवर ठेवायची, तिच्यावर थेंब पडला की खाली घंटा वाजायची. कल्पना झकास होती. फक्त घंटेचं डोकं फिरलेलं होतं. पट्टी कोरडी असली की ती बोंबलायची, पाणी ओतलं की मुकाट बसायची! चष्मिस तीन दिवस त्या चुकीच्या मागे हात धुऊन लागली होती.

शनिवारी अकराला मॅडम यायच्या होत्या. नऊ वाजता चष्मिस रडवेली होऊन धावत आली.

"ताई, माझी चूक कुठे गेली?"

"म्हणजे?"

"घंटा नीट वाजतेय! मी काहीच केलं नाही तरी! ताई, माझी चूक कोणीतरी चोरली!"

चोर कोण ते ताईला लगेच कळलं. काल दुपारी तो "सगळं एकदा तपासून ठेवतो" म्हणून एकटाच वर गेला होता. तो जिन्यातून येताना दिसला, हातात खुर्च्या, चेहऱ्यावर खुशी. तिने त्याला तिथेच अडवलं.

"तुम्ही हात लावलात."

खुर्च्या खाली आल्या. कान लाल झाले.

"एकच चिन्ह उलटं होतं... मी फक्त... अहो, मॅडम चालतं तेच बघतात. घंटा बिघडलेली दिसली असती तर वर्ग बंद झाला असता. आणि खरं सांगू? तुमचा चेहरा पडलेला मला बघवला नसता."

"हे वाक्य मला एरवी फार आवडलं असतं," ती म्हणाली. "आज नाही. दादासुद्धा मायेनेच काढून घ्यायचा. तुम्हाला मी सांगितलं होतं. दुसऱ्या कोणालाही नव्हतं सांगितलं."

त्याने खुर्च्या भिंतीला टेकवल्या. मग म्हणाला, "काय करू?"

"तिची चूक तिला परत द्या."

"आणि सगळ्यांसमोर फसलं तर?"

"तर फसेल. पण तिच्या हातून फसेल."

असं ठणकावून म्हणाली खरी, पण मनात हिशेब चालूच होता. सोळा मुली, तेरा लॅपटॉप, आणि एका उलट्या चिन्हावर सगळं टांगलेलं.

तो वर गेला आणि चष्मिससमोर उकिडवा बसला. "मी तुझी चूक चोरली. चुकलंच माझं. ही घे, होती तशी ठेवलीये."

"उत्तर सांगायचं नाही हं!" चष्मिस चष्मा वर ढकलत म्हणाली. "तुम्ही काय बदललं ते मी बघितलंसुद्धा नाही. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी कोण वाचतं?"

मॅडम बरोबर अकराला आल्या, पहिल्या खुर्चीवर बसल्या आणि घड्याळात बघितलं. चष्मिसने बटण दाबलं, आणि कोरड्या ठणठणीत पट्टीवर घंटा जी काही बोंबलायला लागली! मॅडमनी कानांवर हात ठेवले. चष्मिसने पाणी ओतलं. घंटा गप्प.

"उलटं चालतंय," चष्मिस शांतपणे म्हणाली. "का ते मला माहीत नाही. आता शोधते."

मागच्या भिंतीशी तो उभा होता. हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट गच्च धरलेलं, कपाळावर घाम. ताईची नजर मॅडमवर नव्हतीच, त्याच्या हातांवर होती. एक मिनिट गेलं... दोन गेली... हात हलले नाहीत.

चष्मिसने पट्टी पुसली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारा पट्टीचा आकडा फळ्यावर लिहिला. कोरडी, नऊशे. एक थेंब टाकला, सहाशे. पाणी ओतलं, तीनशे. मग ती फळ्यापासून दोन पावलं मागे सरली.

"अगं बाई! पाणी वाढलं की आकडा उतरतोय! मी समजत होते चढेल!"

ती धावली, एक कळ दाबून प्रोग्रॅममधलं 'पेक्षा जास्त'चं चिन्ह 'पेक्षा कमी' असं फिरवलं. पट्टी कोरडी, घंटा गप्प. थेंब पडला, आणि टण्ण! सोळाच्या सोळा मुलींनी असा कल्ला केला की खालचे वाचक वर आले.

मॅडम मागे वळल्या. "चूक तुम्हाला ठाऊक होती?"

"होती."

"मग सांगितली का नाहीत?"

"इथे तसा नियम आहे, मॅडम. काल मी तो मोडला होता. तुम्हाला द्यायच्या अहवालात सकाळीच लिहिलंय मी तसं."

मॅडम चक्क हसल्या. "आपल्या ऑफिसात सगळे चुका झाकण्यात पटाईत. आणि ही पोरगी फळ्यावर लिहून दाखवते. तीन वर्षांचा करार करा. आणि लॅपटॉप सोळा करा, तेरात कसं भागवता?"

चष्मिस सोडून सगळे गेल्यावर ती गच्चीवर गेली. तो पट्टी दोरीजवळ बसवून उभा होता. दोरीवर चादरी वाऱ्याने फुगत होत्या. ती आली तसे त्याचे हात मागे गेले.

"आता कशाला? वर्ग सुटला."

"पहिल्या पक्षाला एक विचारायचंय," तो म्हणाला. "मला तुम्ही... म्हणजे मला तुमच्याबरोबर लांबच्या रस्त्याने जायचंय. रोज. कायमचं. तुम्हाला काय वाटतं ते... मी सुचवणार नाही, खुणावणार नाही. उत्तर तुमचं तुम्हीच शोधा."

"किती वेळ आहे?"

"करार तीन वर्षांचा आहे."

ती काही बोलणार, एवढ्यात तिच्या गालावर एक थेंब पडला. खालून घंटा खणखणली आणि पाठोपाठ चष्मिसचा आवाज आला, "ताई, वाजलीऽऽ! कपडे!"

मग काय, दोघांची एकच धांदल उडाली. ती एका टोकाने चिमटे काढतेय, तो दुसऱ्या टोकाने चादरी ओढतोय, मध्येच एक ओली उशीची खोळ त्याच्या डोक्यावर. शेवटची चादर काढून झाली तेव्हा ती जिन्याच्या दारात उभी होती, एका काखेत कपड्यांचा ढीग, केसांवर पाण्याचे बारीक मणी. तिने दुसरा हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली.

"चादर? मी आणतो ना..."

"चादर नाही रे. हात."

त्याचे कान लाल झाले. त्याने हात दिला, आणि खाली घंटा वाजतच राहिली, कारण ती बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.