न तुटलेली तार

बाबा काम अर्धवट टाकून उठले, एवढीच त्या मुलीची तक्रार होती. आणि बाबा त्याच दुपारी गेले होते.

"पोलीस म्हणतात, बाथरूम समजून तळघराचं दार उघडलं आणि जिन्यावरून कोसळले," ती म्हणाली. "पण त्यांची सूर लावायची किल्ली पियानोच्या खुंटीवर तशीच होती. नुसतं पाणी प्यायला उठायचं झालं तरी बाबा किल्ली काढून फडक्यात गुंडाळायचे. मी त्यांच्याच हाताखाली पियानो लावायला शिकले. कुणीतरी त्यांना घाईनं हाक मारली असणार."

वहिनींनी समोरची विळी बाजूला सारली. एके काळी त्यांनी वकिली गाजवली होती. आता लोकांची अडलेली कोडी सोडवत. त्यांचे धाकटे दीर, भावोजी, आयुष्यभर औषधांच्या दुकानात उभे राहिलेले. तपासाला ते वहिनींच्या सोबतीनं जात आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घेत.

"त्या घरी बाबा नेहमी जात?" वहिनींनी विचारलं.

"ही दुसरीच खेप. पहिल्या खेपेला पियानोचं खालचं झाकण काढलं, तर आत चष्मा सापडला. घरच्या बाईंचा असेल म्हणून मालकांच्या, त्या डॉक्टरांच्या, हातात दिला, असं सांगत होते."

"चला भावोजी," वहिनी उठल्या. मुलगीही सोबत निघाली.

घर नीटनेटकं होतं. इतकं, की भावोजींना उगाच चपला पुन्हा पुसाव्याशा वाटल्या. दिवाणखान्यात खिडक्या बंद. भिंतीला लागून उभा, काळा पियानो. त्याच्या शेजारीच तळघराचं दार.

घरमालक दातांचे डॉक्टर. बोलणं मऊ, हात नुकतेच धुतल्यासारखे.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "मी त्यांना कामाला बसवलं आणि दवाखान्यात गेलो. परतलो तर घर गप्प. शेजारच्या मास्तरांना विचारा, मी गेल्यावरही पियानोचा आवाज येत होता."

त्यांची बायको खुर्चीच्या कडेला बसली होती. प्रत्येक उत्तराआधी ती नवऱ्याकडे बघत होती.

"डॉक्टर, जरा गरम पाणी मिळेल? घसा धरलाय," वहिनी म्हणाल्या. डॉक्टर आत गेले.

"तुम्ही कुठं होतात त्या वेळी?" वहिनी बायकोकडे वळल्या.

"वर. डोकं दुखत होतं, यांनी गोळी दिली. मेल्यासारखी झोपले." शब्द तोंडातून गेला आणि ती दचकली.

"तुमचा चष्मा कुठं असतो?"

"मला चष्मा नाहीच. पियानो लावणाऱ्या त्या ट्यूनरनीसुद्धा फोनवर तेच विचारलं, चष्मा मिळाला ना म्हणून. मी यांना सांगितलं, तर नुसते हसले."

"ते पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही भेटला नव्हतात?"

"मी माहेरी होते. पण हे घरातलं सगळं फोनवर पाठवायचे. बागेतली फुलं, जेवणाचं ताट, पियानोवाल्याची टणटणसुद्धा. एवढं लांबण कोण ऐकत बसणार!" ती पहिल्यांदाच हसली. आतून पावलं वाजली आणि हसू विझलं.

ट्यूनरच्या मुलीनं पियानो उघडला. मधल्या तारांच्या फटींत, शेजारच्या तारा गप्प ठेवणारी लोकरी फेल्टची लांब पट्टी अजून खोचलेली होती. किल्लीही तिथंच, मधल्या एका खुंटीवर.

"आधी मधले सूर लावायचे," ती हळूच म्हणाली. "मग ही पट्टी काढायची आणि वर जायचं. वरच्या सुरांना या खेपेला बाबांचा हात लागलेलाच नाही." तिनं उजवीकडच्या पट्ट्या दाबल्या. आवाज किरटे, एकमेकांशी भांडणारे.

"तारा सगळ्या आहेत?"

"सगळ्या शाबूत. ही एक तेवढी नवी, चकाकतेय. पण हिच्या वेटोळ्यावर धूळ आहे, म्हणजे गेल्या खेपेची. नवी तार ताणली जाते, सूर उतरतो; आणि वर्षानुवर्षं न लावलेल्या पियानोचे बाकीचे सूरही एका खेपेत टिकत नाहीत. म्हणून तर बाबांना पुन्हा यावं लागलं."

शेजारचे मास्तर व्हायोलिन शिकवून निवृत्त झालेले. पियानोमागची भिंत दोन्ही घरांची एकच.

"डॉक्टरांची गाडी गेली, आणि पलीकडे टणटण चालूच," ते म्हणाले. "मधले सूर झाले, मग वरचे बारीक. मध्येच एक तार तुटली. बंदुकीसारखा बार! आणि तो भला माणूस ओरडला, 'अरे देवा, मेलो!' नंतर कळलं, खरोखरच..."

"पहिल्या खेपेलाही आवाज ऐकला होता?"

"छे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी तेव्हा मुलीकडे."

"पियानो वाजवतं कोण?"

"ही आताची शिकायचं म्हणते. वाजवायची ती डॉक्टरांची पहिली बायको. चष्म्याला बाटलीच्या बुडासारख्या काचा, तरी नाक पट्ट्यांना टेकेल इतकी वाकायची. घर सोडून निघून गेली, असं डॉक्टर सांगतात. मला तर तिनं जाताना हाकही मारली नाही."

रस्त्यावर येताच भावोजींनी निकाल दिला. "उघड आहे, वहिनी. डॉक्टर बाहेर गेले तेव्हा ट्यूनर जिवंत होता. घरात दुसरं कोण? ती बाई. कसली घाबरलीय बघा!"

"घाबरलीय खरी," वहिनी म्हणाल्या. "पण भावोजी, कोणाला, ते नाही विचारलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्याच दिवाणखान्यात जमले. वहिनींनी फौजदारांनाही बोलावलं होतं. ते दाराशी उभे राहिले.

"मास्तरांनी तार तुटताना ऐकली," वहिनींनी सुरुवात केली. "डॉक्टर, ती तुटलेली तार मला दाखवा."

डॉक्टरांनी पियानोकडे पाहिलं.

"ती नाहीच. मास्तरांनी वरचे सूर लागताना ऐकले, पण वरचे सूर अजून बेसूर आहेत. फेल्टची पट्टी मध्येच, किल्लीही मध्येच. म्हणजे ट्यूनर मधल्या सुरांपुढे गेलेच नाहीत. मग मास्तरांच्या कानावर पडलं ते काय?"

"मास्तरांचं वय झालंय," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले.

"कान शाबूत आहेत त्यांचे. त्यांनी ऐकलं ते खरंच वाजलं होतं, फक्त त्या दिवशीचं नव्हतं. तार तुटली ती पहिल्या खेपेला. तिच्या जागी नवी घातली, तीच ही धूळ बसलेली. भिंतीपलीकडून आलं ते त्या खेपेचं रेकॉर्डिंग, इथं मागे ठेवलेल्या तुमच्या फोनवर मोठ्यानं लावलेलं. तुम्ही निघालात तेव्हा ट्यूनर जिन्याखाली पडलेले होते, आणि त्यांचा आवाज या खोलीत एकटाच काम करत होता."

भावोजींनी नकळत पियानोपासून पाय मागे घेतला.

"रेकॉर्डिंग कोणी केलं असेल? मास्तर गावात नव्हते. बाई माहेरी. घरात होतात तुम्ही. तुमच्या फोनवरून तुम्ही ते कधीच पुसलं असेल. पण एकदा ते बायकोला पाठवलं होतं, हे विसरलात."

डॉक्टर बायकोकडे वळले. आवाज तसाच मऊ. "तुझं डोकं दुखत असेल. वर जाऊन पड. फोन दे इकडे."

ती उठली. भावोजींना वाटलं, आता ही देणार. पण ती नवऱ्याला वळसा घालून गेली आणि तिनं फोन वहिनींच्या हातात ठेवला.

टणटण सुरू झाली. एकच सूर, पुन्हा पुन्हा, हळूहळू चढत जाणारा. वहिनींनी पुढे सरकवलं. बार झाला. "अरे देवा, मेलो!" पाठोपाठ एका म्हाताऱ्याचं स्वतःवरच हसणं.

मुलीनं पदर तोंडात कोंबला. ते हसणं तिच्या ओळखीचं होतं.

"हेच!" मास्तर उभे राहिले. "हेच ऐकलं मी! शेवटचं हसणं तेवढं भिंतीतून आलं नाही."

"पण कशासाठी, वहिनी?" भावोजींनी विचारलं. "त्या गरिबानं काय बिघडवलं होतं यांचं?"

"त्यांना चष्मा सापडला. या बाईंना चष्मा नाही, म्हणजे तो पहिलीचा. चष्म्याशिवाय जिला हाताखालची पट्टी दिसत नव्हती, ती चष्मा मागे ठेवून घर सोडून जाईल? ट्यूनरना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी साधेपणानं चौकशी केली, आणि ती याच्या कानावर गेली. उद्या मास्तरांसमोर चष्म्याचा विषय निघाला असता, तर मास्तरांनी तो चटकन ओळखला असता."

"बाथरूम समजून दार उघडलं," बायको अचानक बोलली. स्वतःशीच बोलावं तसं. "पण तळघराला कुलूप असतं. चावी यांच्या खिशात असते. मला एकदाही आत जाऊ दिलं नाही."

"डॉक्टर," फौजदारांनी विचारलं, "तुमची पहिली बायको कुठं आहे?"

 डॉक्टरांनी खिशातली चावी काढून टेबलावर ठेवली, अगदी हळू, काच फुटू नये अशा बेतानं.

शिपाई त्यांना घेऊन गेले. मग माणसं आली, दिवे आणि पहारी घेऊन तळघरात उतरली. मास्तर भिंतीला डोकं टेकून बसले. ट्यूनरच्या मुलीनं किल्ली खुंटीवरून काढली, पुसली आणि फडक्यात गुंडाळली.

भावोजी डॉक्टरांच्या बायकोशेजारी जाऊन बसले. "माफ करा, बाई. मी तुमच्यावर संशय घेतला होता."

"यांनाही तेच हवं होतं ना?" ती म्हणाली. "म्हणून तर गोळी दिली. अपघात कुणाला पटला नाही, तर घरात मी एकटीच होते." मग तिनं विचारलं, "आज मी झोपू कुठं?"

"आमच्याकडे," वहिनी म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात!"

खालून पहारीचे घाव ऐकू येत होते. ती प्रत्येक घावाला डोळे मिटत होती. मग घाव थांबले, आणि कोणीतरी खालून फौजदारांना हाक मारली.