अर्ज विचाराधीन आहे

"काठी चुकीच्या हातात आहे."

जानेवारीतली सकाळ होती, सरोवरकाठच्या ड्युलुथ शहराचा तो उभा उतार आणि पायाखाली नुसता बर्फ. सिल्वी मकेला बसमधून उतरून कामावर निघाली होती. पुढे एक उंच तरुण उजवा पाय न वाकवता, काठी टेकत, जीव मुठीत धरून चालला होता. खरं तर गप्प बसायचं तिनं ठरवलं होतं. पण चुकीची चाल दिसली की सिल्वीच्या जिभेला खाज सुटायची.

तो थांबला. लोकरीची टोपी, लालबुंद नाक, तीन दिवसांची दाढी. "दुखतोय उजवा पाय, म्हणून काठी उजव्या हातात."

"सगळे तसंच करतात. डाव्या हातात घ्या. काठी आणि दुखरा पाय, दोन्ही एकदम पुढे टाका."

त्यानं चार पावलं टाकून पाहिली. आणखी चार टाकली. "अरेच्चा... तुम्ही डॉक्टर का?"

"नाही."

"नर्स?"

"नाही. मी अजून कोणीच नाही."

तिला हे हसत म्हणायचं होतं, पण हसू आलं नाही. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"मग बरंय," तो म्हणाला. "डॉक्टरांचा सल्ला मला आधीच फार महागात पडलाय."

पन्नास पावलांवर दोघंही एकाच दारापाशी थांबले. त्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ती मदतनीस होती आणि तो त्या दिवसापासूनचा नवा रुग्ण.

त्याचं नाव थॅड व्रोबेल. लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या जहाजावर तो खलाशी होता. नोव्हेंबरात ओल्या डेकवर पडून गुडघ्याच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते आणि आत तारा घालून ती जोडली होती. हिवाळ्यात सरोवर गोठतं आणि सगळी जहाजं बंदरात झोपून असतात. मार्चच्या शेवटी सरोवरांना जोडणाऱ्या कालव्याचे दरवाजे उघडले की त्याचं जहाज निघणार होतं. तोवर गुडघा एकशे पंचवीस अंश वाकायला हवा, असा कंपनीच्या डॉक्टरचा हुकूम होता. नाही वाकला तर त्याच्या जागी दुसरा माणूस.

सिल्वीचं गाऱ्हाणं जुनं होतं. टॉवेल धुणं, शेकाच्या पिशव्या गरम करणं, सायकलची बैठक वर-खाली करणं ही तिची कामं. खरीखुरी फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर पदवीनंतर आणखी तीन वर्षांचा अभ्यास, आणि त्या अभ्यासाला प्रवेश मिळायला हवा. पहिल्या वर्षी नऊ विद्यापीठांनी नकार दिला. दुसऱ्या वर्षी आठांनी दिला आणि नवव्यानं प्रतीक्षायादीवर ठेवून ऑगस्टपर्यंत जीव टांगणीला लावला. हे तिसरं वर्ष. चौथ्यांदा अर्ज करायचा नाही, असं तिनं आईला सांगून टाकलं होतं. या वेळी नाही जमलं तर मावशीच्या विमा कचेरीत टेबल तयारच होतं.

या वर्षीच्या दहा अर्जांपैकी चारांचे नकार आले होते. उरलेल्या सहा ठिकाणी संकेतस्थळ उघडलं की एकच ओळ दिसायची: अर्ज विचाराधीन आहे. सकाळी तीच आणि दुपारीही तीच. मोबाइल टॉवेलांच्या कपाटात ठेवायचा, असा क्लिनिकच्या मालकीणबाई मार्गो यांचा नियम होता. त्यामुळे सिल्वी तासाला दहा वेळा टॉवेल आणायला जायची. त्या हिवाळ्यात तिथल्याइतके घडी घातलेले टॉवेल उभ्या शहरात कुठे नसतील.

"पुन्हा टॉवेल?" सायकल मारता मारता थॅड विचारायचा. "मी काय इतका घाम गाळतो?"

"तुम्ही पाय चालवा."

"काय म्हणतंय कपाट?"

"विचाराधीन."

"एवढा विचार तर माझ्या आईनं बाबांना होकार देतानाही केला नव्हता."

फेब्रुवारी लागेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन वाजता. न्यू मेक्सिकोतल्या एका विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं, तेव्हा सराव घ्यायचं काम थॅडनं आपणहून अंगावर घेतलं. सायकलवर बसून, भुवया चढवून, तो अगदी प्राध्यापकाच्या थाटात विचारायचा.

"कुमारी मकेला, आपला सर्वांत मोठा दोष कोणता?"

"रुग्णांशी गरजेपेक्षा जास्त बोलते."

"सगळ्या रुग्णांशी?"

"...एकाच."

"हं. आणि त्या रुग्णाची याबद्दल काही तक्रार?"

"तो तक्रारी फार करतो. सायकलचा वेग मात्र वाढवत नाही."

हे बोलताना तिचे कान तापले होते. पलीकडे मार्गो एका आजीबाईंच्या खांद्याला व्यायाम देत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळी दिवे मालवताना मात्र त्या म्हणाल्या, "सिल्वी, नाव यादीत आहे तोवर रुग्ण तो रुग्ण. यादीतून गेला की मग मला काही दिसत नाही."

"काही नाहीये तसं, मार्गो."

"नसेलच. मी आपलं सांगून ठेवलं."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवऱ्याचा पत्ताच नव्हता, गुडघा तेवढा होता, आणि तो मार्च उजाडला तरी एकशे दहावर अडून बसला होता. मार्गो कोनमापक लावून मोजायच्या, ओठ आवळायच्या आणि पुन्हा मोजायच्या. एकशे दहा. पुढच्या खेपेला एकशे नऊ.

"आत काहीतरी चिकटलंय," त्या चिंतेनं म्हणाल्या. "असंच राहिलं तर सर्जनकडे परत पाठवावं लागेल. भूल देऊन जबरदस्तीनं वाकवतात."

सिल्वीचा जीव दोन्हीकडून ओढला जात होता. गुडघा बरा झाला की जहाज त्याला घेऊन जाणार. प्रवेश मिळाला की ती स्वतःच जाणार. आणि दोन्ही नाही झालं तर? तर तो नोकरीविना, ती विमा कचेरीत... आणि तरीही मंगळवार-शुक्रवार चालूच राहतील, या विचारानं तिला बरं वाटायचं. मग बरं वाटल्याचा राग यायचा. रात्री अंथरुणावर ती कूस बदलत राहायची.

त्यातच एका शुक्रवारी काचेच्या दारातून तिला दिसलं. थॅड बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. बुटाची नाडी सुटली होती. त्यानं उजवी टाच खुर्चीखाली पार मागे ओढली, आरामात वाकला आणि शीळ घालत नाडी बांधली. कोनमापकाची गरजच नव्हती. एकशे तीस तरी नक्की.

ती टॉवेल घेऊन तशीच उभी राहिली.

शनिवार गेला, रविवार गेला. सांगायला हवं, हे तिला कळत होतं, पण वळत नव्हतं. सांगितलं की यादीतून नाव जाणार. सोमवारी मार्गो म्हणाल्या, "उद्या मोजते आणि सर्जनला फोन करते." 

मंगळवारी दोन वाजता तिनं त्याला दारातच गाठलं.

"शुक्रवारी नाडी बांधताना पाहिलं मी तुला."

थॅडनं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. "मग?"

"मग काय? जहाज बारा दिवसांत सुटतंय. जागा जाईल तुझी."

"जाऊ दे. दुसरी मिळेल." तो खाली बघत होता. "नाव यादीतून गेलं की इथं यायला मला काय कारण राहणार, सिल्वी? मी तिकडे पाण्यात आणि तू कुठल्या गावाला, कोण जाणे. म्हटलं, तुझं कळेपर्यंत तरी..."

दोन महिने तिला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर मात्र तिचं डोकं फिरलं.

"तीन वर्षं, थॅड, तीन वर्षं मी लोकांच्या दारात उभी आहे, मला आत घ्या म्हणून. माझ्या हातात काही नाही. नुसती बघत बसते. आणि तुझ्या स्वतःच्या पायात आहे, ते तू लपवून ठेवतोस? माझ्यासाठी? मला नकोय असलं काही. मार्गो आज सर्जनला फोन करणार आहेत. बरा झालेला गुडघा तुला भूल देऊन मोडतील. आज वाकव, नाहीतर मी सांगते."

तो आत जाऊन टेबलावर पालथा झोपला. मार्गोंनी पाय वाकवायला सांगितलं आणि तो वाकला... वाकतच गेला. मार्गोंनी कोनमापक दोनदा लावला.

"एकशे बत्तीस," त्या म्हणाल्या. त्यांनी आधी थॅडकडे पाहिलं, मग सिल्वीकडे. "चार दिवसांत तेवीस अंश. तीस वर्षांत असं पाहिलं नाही मी."

"मला शुक्रवारीच कळलं होतं, मार्गो," सिल्वी म्हणाली. "मी सांगितलं नाही."

 सिल्वीच्या प्रत्येक अर्जाला मार्गोंचं शिफारसपत्र जोडलेलं होतं. 'प्रामाणिक' हा शब्द त्यात दोनदा होता.

"चार दिवस," मार्गो म्हणाल्या.

"हो."

"पत्र गेलंय ते गेलंय, आणि ते मी परत घेणार नाही. पण पुढच्या वेळी चार दिवस नाही, चार मिनिटं." त्या थॅडकडे वळल्या. "आणि तुम्ही, खलाशी महाशय, उठा. तुमचं नाव मी यादीतून काढतेय. आता या क्षणापासून मला काही दिसत नाही."

बारा दिवस मिळाले. कंपनीच्या डॉक्टरनं सही केली. दोघं गोठलेल्या किनाऱ्यावर हिंडले, उभ्या उभ्या धुरी दिलेला मासा खाल्ला, एका हातमोज्यात दोन हात कोंबून पाहिले. पण सिल्वीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घास तोंडात असताना तिचा हात मोबाइलकडे जायचा. या काळात आणखी पाच नकार आले. आता फक्त न्यू मेक्सिको उरलं होतं.

"बोल ना काहीतरी," थॅड एकदा म्हणाला.

"काय बोलू? एक कळलं की दुसरं बोलेन."

"दुसरं काय?"

"तेच तर... एक कळलं की."

जहाज या खेपेनंतर उन्हाळाभर मिशिगनच्या बंदरांतून माल भरणार होतं. ड्युलुथला यायचं ते थेट ऑगस्टमध्ये. थॅडला मधली सुट्टी मेच्या शेवटी. शेवटच्या संध्याकाळी त्यानं तिचा गाल हातमोज्याच्या पाठीनं पुसला आणि तो जहाजावर झोपायला गेला. ती दुसरं काही बोलली नाही.

सकाळी सव्वासातला, आई कॉफी ओतत असताना, मोबाइल वाजला. पत्र होतं. सिल्वीनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि आईच्या हातात दिलं. आईनं वाचलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

सिल्वीनं कोट अडकवला आणि उतारावरून धावत सुटली.

मोसमातलं पहिलं जहाज बघायला अर्धं गाव बंदरातून सरोवरात नेणाऱ्या कालव्याच्या धक्क्यावर जमलं होतं. खांद्यावर पोरं, हातात थर्मास. जहाज पुलाखालून कालव्यात शिरलं होतं आणि धक्क्याला समांतर सरकत होतं. तांबडी बाजू इतकी जवळ, की हात लावावासा वाटावा. पुढच्या डेकवर नारिंगी जाकीट घातलेला थॅड दोर गुंडाळत होता.

"थॅड!"

त्यानं वर पाहिलं. जहाज थांबणार नव्हतं, म्हणून तीच निघाली, कठड्याच्या कडेनं, लोकांना कोपरानं बाजूला सारत, जहाजाच्या वेगानं.

"घेतलं त्यांनी मला!"

"कुठे?"

"न्यू मेक्सिको! जूनमध्ये सुरू!"

"हळू चाल, बर्फ आहे! होकार कळवलास त्यांना?"

तिनं मान हलवली. नाही.

"का?"

"आधी तुझं तोंड बघायचं होतं!"

थॅडनं दोर खाली टाकला आणि तो डेकच्या कडेला आला. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते, एवढ्या अंतरावरूनही तिला दिसलं. "बघितलंस ना? मग कळव! आत्ता! माझ्यासमोर!"

हातमोजा दातांनी ओढून काढत, घसरत, सावरत तिनं मोबाइल काढला. बोटं गारठली होती, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा होकार गेला. तिनं मोबाइल उंच धरून दाखवला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. धक्का संपत आला होता, पुढे फक्त दीपस्तंभ आणि पाणी.

"आणि दुसरं?" थॅड ओरडला. "दुसरं काय होतं?"

आजूबाजूला शंभर माणसं होती. शाळेतल्या बाई होत्या. मावशीच्या कचेरीतला कारकूनही होता.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर!" सिल्वी ओरडली. "मेमध्ये येतोस का, माझं सामान न्यायला?"

"गाडी मी चालवणार!" त्याचा आवाज वाऱ्यावर फाटत आला. "तिकडेच राहीन महिनाभर! आणि पुढच्या सुट्टीतही! माझंही आहे, सिल्वी, कधीचंच... त्या काठीपासून!"

जहाजाचा भोंगा वाजला, एक लांब आणि दोन आखूड. त्यात त्याचं पुढचं बोलणं बुडालं. धक्का संपला. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि जहाज मोकळ्या पाण्यात निघून गेलं.

शेजारच्या म्हाताऱ्यानं न विचारता थर्मासचं झाकण कॉफीनं भरून तिच्या हातात दिलं. "मेमध्ये येतोय म्हणाला ना तो? आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मग रडायला काय झालं, पोरी?"

"काही नाही," सिल्वी नाक पुसत म्हणाली. "एका सकाळी दोन ठिकाणांहून होकार आलाय. मला सवय नाही त्याची."