पाया-पात्राची चाल

धडा १. पडदा उघडणे

सोलापूरच्या चालशोध कक्षाला खिडकी नव्हती. भिंतीवर शहरातल्या अकराशे कॅमेऱ्यांची चित्रं आळीपाळीनं उमटत होती आणि एकाही चित्रात धड चेहरा दिसत नव्हता. वैशाख होता. सगळं शहर तोंडाला फडकी बांधून चाललं होतं.

"चेहरे साठवायला कायद्यानं बंदीच आहे," तंत्रज्ञ शिवानंद बिराजदार म्हणाला. "आम्ही साठवतो ते चालठसे. पाऊल कसं पडतं, गुडघा किती वाकतो, हात किती झुलतो. माणशी चौसष्ट आकडे. दोघांचे सारखे येत नाहीत."

"आणि कुणी मुद्दाम लंगडत चाललं तर?" शैलजानं विचारलं.

"चालू द्या की! नाटक एकदोन सांध्यांचं असतं, डॉक्टर. उरलेले खरं बोलतात. गेल्या महिन्यात एक चोर बुटात खडा घालून फिरला. पायाला फोड आला आणि सापडला तो सापडलाच."

शैलजा गड्डम हसली नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती. लोकांच्या चाली सरळ करणं हाच तिचा धंदा. चार दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, तिची अडुसष्ट वर्षांची आई विमला फोन घरीच ठेवून बाहेर पडली होती. परतली नव्हती. चालठसे दहा दिवसांनी आपोआप पुसले जात. म्हणजे हातात सहा दिवस होते.

"अम्मांचा चालतानाचा व्हिडिओ?" बिराजदारनं विचारलं.

शैलजाचं शोधून झालं होतं. घरात त्रेचाळीस व्हिडिओ होते. सगळ्यांत अम्माचा आवाज होता, शैलू इकडं बघ, शैलू हस की जरा. अम्मा कुठंच नव्हती. फोन तिच्या हातात असायचा.

"मग चालणारी आकृती घडवून आणा. सांधे असलेली, मापाची. तुमच्याकडं तसलं काही साधन?"

"अम्माकडंच आहे," शैलजा म्हणाली. "तिनंच केलेलं."

धडा २. पात्र म्हणजे काय

अम्मानं तीस वर्षं चादरींच्या नक्षी आलेखाच्या कागदावर उतरवल्या होत्या. एक चौकोन, एक धागा. कारखान्यातलं नक्षीखातं बंद झाल्यावर तिनं एक वापरलेला संगणक घेतला आणि पाचेक वर्षांत संगणकावरचे खेळ बनवायचं स्वतःचं यंत्र उभं केलं. त्याला ती खेळमाग म्हणायची. गावोगावचे चाळीसेक हौशी लोक त्यावर आपापले खेळ विणायचे. शैलजानं तो कधी उघडला नव्हता.

खेळातली माणसं घडवायची संहिता, म्हणजे कोड, वेगळी होती: पात्रघडण. तिचे धडे अम्मानं संहितेतच, ओळींच्या मध्ये, दोन तिरप्या रेघा मारून लिहिले होते.

// पात्राला स्वतःचं शरीर नसतं. खाली पाया-पात्र, वर तुमचे बदल. ज्या आकड्याला तुम्ही हात लावत नाही, तो पायाचाच राहतो.
// घाई करू नये. माझी मुलगी फार घाई करते.

शैलजानं पुढं पाहिलं. तिसरा धडा लांबलचक होता आणि त्यात एकही आज्ञा नव्हती, नुसताच मजकूर. तिनं तो ओलांडला.

धडा ४. चाल

पडद्यावर एक बाई उभी राहिली. तोंडाच्या जागी नुसता कोरा गोळा. शैलजानं आज्ञा दिली: चाल. बाई चालू लागली. उजवं पाऊल जमिनीला घासत होतं, उजवा हात अंगाला चिकटून लटकत होता.

दोष आहे, शैलजाला वाटलं. हौशी काम. दुसरं काय!

शेजारी आकड्यांच्या सरकपट्ट्या होत्या. तिनं घोटा दुरुस्त केला. साठवलं, पुन्हा उघडलं. पाऊल घासतच होतं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. दिवसभर बदल टिकेनात. रागानं तिनं खाली, थेट पाया-पात्राची फाइल उघडली आणि तिथंच आकडे बदलले. खेळमागानं विचारलं: पाया कायमचा बदलायचा?

हो.

आता पाऊल नीट पडलं. मग गुडघा, कंबर, खांदा. अम्माची चाल तिला पक्की आठवत होती: शाळेला उशीर झालेला, तिचं मनगट घट्ट धरलेलं, आणि पुढं चपला आपटत झपाझप जाणारी अम्मा. तीच चाल हवी. कुठं अडलं की शैलजा दवाखान्यातले चाल मोजणारे पट्टे स्वतःच्या अंगाला बांधून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची आणि पट्ट्यांवरचे आकडे भरायची. आईची हाडं नि आपली हाडं एका साच्यातली, ती स्वतःला सांगायची.

चैत्रात अम्मा म्हणाली होती, "शैलू, माझ्या खेळातल्या बाईची चाल जरा बघ की. तू त्यातली डॉक्टर."

"रविवारी बघते, अम्मा."

"तुझा तो रविवार कॅलेंडरवाले छापत नाहीत गं," अम्मा म्हणाली, आणि चहाचा कप टेबलावर ठेवून गेली होती.

कामाच्या सहाव्या, शेवटच्या दिवशी दुपारी चौसष्टच्या चौसष्ट आकडे बसले. अम्मा पडद्यावर झपाझप चालू लागली. शैलजा तिच्याकडं बघत रडली.

धडा ५. शोध

अम्मा गेल्याचा दहावा दिवस. संध्याकाळी सहाला त्या शुक्रवारचे ठसे जाणार होते. पावणेपाचला बिराजदारनं आकृती यंत्रात भरली. यंत्रानं दहा दिवस चाळायला अर्धा तास घेतला.

"आल्या!" तो खुर्चीतून उठलाच. "सत्त्याण्णव टक्के! डॉक्टर, एवढी जुळणी मी नोकरीत पाहिली नाही!"

पडद्यावर फडकं बांधलेली एक बाई घाईघाईनं फाटकातून आत शिरत होती. खांद्यावर निळी पिशवी. बिराजदारनं ठिकाण वाचलं: याच इमारतीचं फाटक. तारीख आजची. वेळ चार चाळीस.

शैलजानं मांडीवरच्या निळ्या पिशवीचा बंद घट्ट धरला.

"तुम्हीच की हे," बिराजदार हळू आवाजात म्हणाला.

मग तो पुन्हा खुर्चीत बसला.

"तुम्ही हात लावायच्या आधीची फाइल द्या."

"त्याच्यावरच साठवलं."

"प्रत?"

शैलजानं नकारार्थी मान हलवली. बिराजदारनं संहिता स्वतःकडं ओढली आणि वरपासून वाचायला लागला, सवयीनं, एकही ओळ न सोडता. दुसऱ्या धड्यानंतर तो मोठ्यानं वाचू लागला.

धडा ३. पाया-पात्र

// पाया-पात्राला हात लावू नये. आमच्या नक्षीखात्यात मूळ आलेख मागाजवळसुद्धा नेऊ देत नसत. आधी प्रत काढायची, मग काम. प्रत काढल्याशिवाय बदल टिकणार नाहीत, तशी सोय मी मुद्दाम केली आहे.
// हे पात्र म्हणजे मी. दुसरं शरीर कुठून आणणार? दर पाडव्याला शैलूच्या दवाखान्यातले पट्टे बांधून मापं नव्यानं घेते. यंदाची घराबाहेर कुणाला दिलेली नाहीत.

इथं बिराजदार थांबला. पुढच्या ओळी शैलजानं स्वतः वाचल्या.

// यंदा उजवं पाऊल घासतं. उजवा हात झुलत नाही. अधूनमधून घराची गल्लीही चुकते. चालीतला हा फरक संहितेतला दोष नाही, कुणी दुरुस्त करू नये. शैलू बघते म्हणाली आहे.

घड्याळात पाच पंचवीस झाले होते.

"डॉक्टर," बिराजदार म्हणाला, "आधीचे आकडे तुमच्या डोळ्यांपुढून गेलेत. आठवतील तेवढे सांगा. निम्मे जमले तरी बघू. उजवा घोटा किती होता?"

दवाखान्यात पेशंट उंबऱ्यात असतानाच, मेंदूची कुठली बाजू दुखावली आहे ते ती नुसत्या चालीवरून सांगायची.

"उजवा घोटा, डॉक्टर."

शैलजा उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. उजवा हात अंगाशी धरून, उजवं पाऊल फरशीवर घासत, हातात चहाचा कप असावा तशी जपून, ती टेबलापर्यंत चालत आली. दारावरचा कॅमेरा बघत होता, आणि यंत्रातला शोध अजून चालूच होता.

"अशा चालायच्या?" बिराजदारनं विचारलं.

तिनं तोंड उघडलं, पण यंत्राचं उत्तर आधी आलं. शहाण्णव टक्के. फाटकातली तीच मघाची बाई, आता फडक्याशिवाय.