बोगद्याचे मोडके तुकडे

आमच्या प्रयोगशाळेच्या दारात तो मला अक्षरशः धडकला. हातातली पेटी मात्र त्याने तान्ह्या बाळासारखी सांभाळली. तो बोगद्यावरचा इंजिनिअर, आणि पेटीत बोगद्याच्या वाटेवर भोकं पाडून काढलेले दगडाचे गोल दांडे. सगळे कसे अखंड, गुळगुळीत...

“मोडके कुठायत?” मी विचारलं.

“ते टाकले बाजूला. टेस्टला चांगलेच द्यायचे ना?”

मला हसू आवरेना. चांगले तेवढे निवडून आणले तर दगड पास होणारच, पण छत मोडक्यांच्याही भरवशावर उभं राहायचंय, असं मी त्याला सुनावलं. बिचारा तोंड पाडून गेला. दुसऱ्या दिवशी मोडके तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून हजर.

मग तो येतच राहिला. मशीन दगडाला दाबू लागलं की आम्ही शेजारी उभे राहायचो. फुटण्याआधी दगड आतून बारीक कुरकुरतो... ते ऐकायला तो मान झुकवायचा, आणि माझा श्वास उगाचच अडखळायचा. बोगदा झाला की घराजवळ बदली, हे त्याने सहज सांगितलं. मला ते सहज घेता आलं नाही.

आणि माझ्या टेस्टमध्ये दगड कच्चा निघाला. म्हणजे छताला जादा आधार, काम लांबणार, तो राहणार. मला आनंद झाला — आणि त्या आनंदाचीच भीती वाटली. माझ्या मनानेच तर आकडा खाली ओढला नव्हता? उरलेले तुकडे मी आमच्या मुख्य परीक्षकांपुढे ठेवले. सगळे त्यांना मावशीच म्हणतात. पुन्हा तपासायचं कशाला, ते त्यांनी विचारलं नाही, नुसत्या गालातल्या गालात हसल्या. त्यांचाही निकाल तोच आला.

रिपोर्ट देताना मी त्याला सगळं सांगून टाकलं.

“पुन्हा मावशींकडून तपासून घेतलं. मला माझा भरवसा वाटेना.”

“का?”

“तुम्ही जाऊ नये... असं वाटत होतं म्हणून.”

तो रिपोर्टकडेच बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“बदली मला आत्ताही मागता येते. मी गेलो तरी काम अडणार नाही, दुसरा इंजिनिअर येईल,” तो हळूच म्हणाला. “तेव्हा माझं थांबणं दगडावर ढकलू नका. थांबू का मी — तुमच्यासाठी?”

माझे हात दगडाच्या भुकटीने माखलेले. तरी त्याने हात पुढे केला, आणि मी तो धरला.

“थांब,” मी म्हणाले. पहिल्यांदाच एकेरीत.