नऊ वितींचं पांघरूण

चुकीचं माप तिला खपत नसे. एकोणतीस वर्षं तिने वजनमापांच्या कचेरीत, दुकानदारांचे तराजू तपासण्यात काढली होती. नवरा पिठाच्या गिरणीत होता. दोघं निवृत्त झाली आणि गावाबाहेर तीन खोल्या आणि मागे थोडी जमीन घेऊन राहायला आली, तेव्हा त्याने छातीत गिरणीचं पीठ आणलं आणि तिने मोजायची खोड. तो तिला मापाडी म्हणायचा. वाटाण्याची रोपंसुद्धा ती वितीवितीने लावायची, आणि तो मागून म्हणायचा, "अगं, त्यांना काय परीक्षेला बसवायचंय?"

मधली खोली मागाची. खिडकीखाली माग, समोरच्या भिंतीत लाकडी खुंट्या. त्या खुंट्यांवर लोकर फिरवून ती ताणा मोजायची, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे. दरवर्षी थंडीच्या आधी दोन पांघरुणं, एकाच ताण्यावर, एकामागून एक. आधी त्याचं, कारण खोकला त्याचा. तो चांगला उंच, म्हणून दहा विती. मग तिचं, आठ विती. एक संपून दुसरं सुरू होतं तिथे ती ताण्याला लाल धागा बांधायची. जुनी पांघरुणं मधवाल्याला जायची आणि त्याच्याकडून वर्षभराचा मध यायचा. काढ्याला मध लागतोच.

पहिल्या वर्षी तिच्या आठ विती विणून झाल्या आणि ताणा संपलाच नाही. तिथे दुसरा लाल धागा होता. तो तिने बांधलेला नव्हता. त्याच्या पुढे मोजून नऊ विती ताणा उरला होता.

ती चिडलीच. लोकर ओढून ओढून वाढेल ती बोटभर, नऊ विती नाही. तिने खुंट्यांमधलं अंतर पुन्हा मोजलं. उरलेली लोकर तोलून पाहिली. लोकर लागायला हवी तेवढीच लागली होती.

"मोजताना डुलकी लागली असेल," नवरा म्हणाला.

"मला? मोजताना?"

"बरं बाई, मग लोकरीला लागली असेल."

टाकून देववेना, म्हणून तिने तिसरंही विणलं आणि मागाच्या खोलीतल्या पेटीवर घडी घालून ठेवलं. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तिसऱ्या वर्षी नवऱ्याला शेजारी उभं करून, त्याला मोठ्याने आकडे म्हणायला लावून तिने ताणा मोजला. अठरा विती. मागावर तो सत्तावीस निघाला. त्या दिवशी तिने पेटीवरचं पहिलं पांघरूण उचलून उजेडात धरलं. कोणीही न पांघरलेलं ते पांघरूण वरच्या काठाला झिजलं होतं, हनुवटीखाली मुठीत धरतो नेमकं तिथे.

त्याच सुमारास बागेतलं तण कोणीतरी काढायला लागलं. दुपारी जेवून ती मागे जाई, तर लसणाचा वाफा साफ, आणि उपटलेलं गवत कडेला ओळीने मांडलेलं, सगळी मुळं एका बाजूला. ओट्यावर ठेवलेले वाटाणे सोललेले सापडत. मागाच्या खोलीत पुदिन्याचा वास येई, आत्ताच कोणीतरी पान चुरगाळल्यासारखा.

"चोर असेल तर फार कामसू आहे," नवरा म्हणाला.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, आठवडाभर. पण जो तुमचा लसूण निंदतो त्याला माणूस किती दिवस भिणार? तिने पेटीवरचं पांघरूण धुऊन उन्हात घातलं. तो त्याला पाहुणं म्हणायला लागला. "पाहुण्याला सांग, भोपळ्याच्या वेलाला हात लावू नको म्हणावं, तो माझा आहे." मूल झालं नव्हतं त्यांना, आणि त्याबद्दल रडूनही झालं होतं. आता मागाच्या खोलीत शिरताना ती उगीचच दार जरा वाजवून शिरायची, इतकंच.

सहाव्या वर्षी त्याचा खोकला वाढला. पायरीवर बसून वाटाणे सोलायचे तरी दोनदा थांबावं लागे. ती सकाळ-संध्याकाळ काढा करून समोर धरायची. आलं अंगठ्याच्या पेराएवढं, ज्येष्ठमधाची काडी, पुदिना, आणि सगळ्यात शेवटी मध.

"एवढा काढा प्यायलोय," तो म्हणायचा, "की मला पेरलं तर पुदिना उगवेल."

"अभद्र बोलू नका."

त्या वर्षी ताणा मागच्या रुळावर गुंडाळताना तो तिला बारीक वाटला. पाच वर्षांत सत्तावीस वितींच्या जाडीची हाताला सवय झाली होती. तिने पूर्ण उलगडून पाहिलं. लाल धागा एकच होता, आणि त्याची गाठ तिच्या हातची नव्हती.

म्हणजे पांघरुणं दोन.

घरात तिघं होती. खिडकीतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. ताणा किती विती भरतो ते मोजायला पाच मिनिटं पुरली असती, पण आयुष्यात पहिल्यांदा तिने मोजणं टाळलं. ताणा गुंडाळला, खाली बसली आणि आडव्या धाग्याचा धोटा हातात घेतला.

बारा दिवस ती विणत होती. त्याला काही सांगितलं नाही. देव, धर्म, नवस यांतलं तिला काही जमत नसे. ती नुसती विणत होती आणि मनात म्हणत होती, यांचं असू दे, यांचं असू दे. आठ विती झाल्या. लाल धागा आला नाही. नववी वीत भरत आली.

नऊ झाल्या. ताणा चालूच राहिला.

लाल धागा बरोबर दहा वितींवर आला. ती मागावरच डोकं टेकून रडली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्याच दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"काय गं, काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. पाहुणं गेलं वाटतं आपलं. ताणा दोघांपुरताच आहे."

"सांगून तरी जायचं," तो म्हणाला.

मग तिने स्वतःचं विणायला घेतलं. हात हलका झाला होता. गाणंही गुणगुणली.

आठ विती झाल्या.

ताणा संपला नाही.

तिने धोटा पुन्हा फेकला. फणी ओढली. पुन्हा फेकला.

नवव्या वितीला ताणा संपला.

तिने पांघरूण मागावरून उतरवलं, पेटीवर पसरलं आणि मोजलं. मग उलट्या बाजूने मोजलं. एक दहा वितींचं, एक नऊ वितींचं. आठ वितींचं नव्हतं.

खोलीत पुदिन्याचा वास होता.

तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी मनात आलं होतं, आणि ते तिने नीट तपासून पाहिलं, दुकानदाराचं वजन पाहावं तसं. तो राहणार आहे. आणि एकटा नाही राहणार.

"अहो," तिने हाक मारली, "काढा करायला शिकून घ्या."

"आत्ता? तू आहेस की."

"आत्ताच."

त्याने आलं किसताना बोट किसलं, ज्येष्ठमध विसरला, आणि काढा उतू घालवला. ती एकेक गोष्ट सांगत होती, हळू, स्पष्ट, गरजेपेक्षा थोड्या मोठ्याने. तो म्हणाला, "मी काही बहिरा नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे भोपळ्याच्या वेलाशी बोलत होता. ती चुलीशी गेली तर काढा तयार होता, वर झाकण, तिच्या सवयीप्रमाणे थोडं तिरकं. भांडं गरम होतं. तिने घोटभर पिऊन पाहिला.

"आलं जास्त झालंय," ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली. तिला स्वतःचा आवाज मऊ वाटला. "उद्या कमी घाल. आणि मध गरमात नाही घालायचा. कोमट होऊ द्यायचं."

तिसऱ्या दिवशी आलं बरोबर होतं. मध अजून घातलेला नव्हता. बरणी उघडून शेजारी ठेवली होती, चमच्यासकट, काढा कोमट होण्याची वाट बघत.