एकोणीस कोरडे दिवस

"चाळीस प्रती हव्यात. रंगीत. आणि जरा लवकर... प्लीज."

मी मान वर केली नाही. झेरॉक्सच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला लवकरच हवं असतं. सावकाश हवं असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण आवाज छान होता. म्हणून मग केली मान वर. घामानं कपाळाला चिकटलेले केस, खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली. मला हसू आलं, आणि ते त्याला दिसलं.

"हसा, हसा. बसमध्ये शेजारचे काका माझ्या खिशावर झोपले. खिशात चष्मा होता."

मी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर तक्ता उघडला. आमच्या आणि आसपासच्या बारा गावांचं पेरणीचं वेळापत्रक.

"हे तुम्ही केलंत?"

"मी नुसती जोडाजोड केली. पावसाचे आकडे इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले असतात, फुकट. ते घ्यायचे आणि कुठलं बियाणं कधी पेरावं ते गावागावांत जाऊन सांगायचं, हे आमच्या संस्थेचं काम. उद्या तीनला शाळेत सभा आहे, तिथेच बियाण्याची मागणी ठरणार." तो रंगात आला होता. "खरं श्रेय इथल्या पर्जन्यमापकाचं. एवढ्या गावांत मिळून तो एकच! त्याची नोंद जे कुणी ठेवतं ना, त्यांचे पाय धरायचेत मला. अठ्ठावीस वर्षं, आणि एक दिवस रिकामा नाही!"

"धरा मग." मी स्टुलावरून पाय पुढे केला. "सव्वीस वर्षं आईनं ठेवली, दोन वर्षं मी ठेवतेय."

त्याचा आ वासलेला तसाच राहिला... आणि मग हा बाबा खरंच वाकायला लागला! मी किंचाळून पाय मागे घेतला. दोघंही इतके हसलो की समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून पाहिलं.

हसता हसता माझी नजर तक्त्यावर गेली. दोन वर्षांपूर्वीच्या ऐन पावसाळ्यात एक लाल पट्टा होता. एकोणीस दिवस कोरडे. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं — मोठ्या उघडिपीचा धोका. कमी दिवसांत येणारं बियाणंच घ्यावं.

ते दिवस कोरडे नव्हतेच. ती शून्यं खोटी होती आणि माझ्या हातची होती.

"कमी दिवसांचं बियाणं घेतलं तर..." मी होईल तितक्या सहजपणे विचारलं, "पीक कमी येतं ना?"

"तिसरा हिस्सा कमी. पण उघडीप पडली तर सगळंच जाईल. त्यापेक्षा बरं."

मी बटण दाबलं नाही. "मशीन बिघडलंय," मी म्हटलं. नेमकं त्याच वेळी त्या मेल्या मशीननं टिंग करून हिरवा दिवा लावला.

"बिघडल्यासारखं वाटत नाही..."

"तुम्ही आकडेशास्त्री. मशीनचं मला कळतं. उद्या सकाळी या."

तो गालात हसला. त्याला वाटलं, हा त्याला परत बोलवायचा बहाणा आहे. अगदीच खोटं नव्हतं ते, पण खरं कारण तेवढं गोड नव्हतं. "साडेआठला येतो," तो म्हणाला. "मापक दाखवाल? लाखो आकडे हाताळलेत, पण मापक कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही."

"शाब्बास! स्वयंपाकाची पुस्तकं लिहिता आणि कढई पाहिली नाही!"

त्या रात्री अवेळीच एक सर येऊन गेली. सकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत मातीचा ओला वास दरवळत होता आणि आकडेशास्त्री माझ्याही आधी हजर होते. मी मापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतलं.

"वाका. डोळे पाण्याच्या रेषेसमोर आणा. वरून बघितलं तर चुकतं."

तो वाकला, मी वाकले, आणि ठप्पकन डोकी आपटली.

"तीन पूर्णांक... दोन?"

"चार. आधी चष्मा दुरुस्त करा."

तो मागे सरला नाही. अगदी जवळून, हळूच म्हणाला, "रोज करता तुम्ही हे. कुणी कधी आभार मानलेत? ... मी मानतो. अगदी मनापासून."

तिथेच माझा धीर सुटला.

"नका मानू! मी खोटारडी आहे." आणि मग सगळं भडाभडा बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी आईच्या छातीत दुखायला लागलं, मी तिला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलमध्ये गेले, एकोणीस दिवस तिथेच होते. परतले तेव्हा मापक काठोकाठ भरून पाणी बाहेर सांडून गेलं होतं. न मोजलेल्या दिवसाचा रकाना रिकामा सोडायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामा म्हणजे आम्हाला माहीत नाही. पण आईच्या वहीत सव्वीस वर्षांत एक रकाना रिकामा नव्हता. घरी आल्या आल्या ती वहीच मागणार होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, मनाला लागेल असं काही नको. "म्हणून मी ओळीनं शून्यं लिहिली. आईला अजून माहीत नाही."

त्यानं चष्मा काढला. मग म्हणाला, "मी हे बारा गावांत वाटलं असतं."

"म्हणून तर मशीन बिघडलं."

या वेळी तो हसला नाही. "कालच सांगायला हवं होतं."

"हो."

तो तरातरा फाटकाकडे निघाला. संपलं, मी मनात म्हटलं. पण फाटकाशी थांबून त्यानं मागे पाहिलं. "दुकान उघडा. सहा तास आहेत आपल्याकडे."

आपल्याकडे! एवढ्या एका शब्दानं माझ्या पायांत बळ आलं.

उपग्रहावरून घेतलेले पावसाचे अंदाजही असेच खुले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. मापकाइतके नेमके नसतात, पण पाऊस होता की नव्हता एवढं सांगतात. त्या एकोणीस दिवसांपैकी पंधरा दिवस पाऊस होता. "गेला लाल पट्टा!" तो ओरडला. नेहमीचं बियाणं चालणार होतं.

"कसला पट्टा?" मागून आवाज आला. आई जेवणाचा डबा घेऊन उभी होती.

मी तिच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. "तुझी एवढ्या वर्षांची नोंद..."

"चुलीत गेली नोंद!" आई कडाडली. "तू मापकापाशी उभी राहिली असतीस, तर मला उचलून नेलं असतं कुणी? मी आज जिवंत आहे ती तुझ्यामुळे, वेडे!" तिनं डोळे पुसले, नाक ओढलं, आणि लगेच तिच्यातली नोंदकरीण जागी झाली. "आणि ती शून्यं आधी खोड. लाज आणलीस!"

सभेत मीच उभी राहिले. सगळं सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "त्या साली माझ्या बांधावरून पाणी गेलं होतं. पण छापील कागदापुढे आपण काय बोलणार? बरं झालं, बोललीस पोरी." मागणी नेहमीच्या बियाण्याची गेली.

संध्याकाळी त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. दुरुस्त केलेली नोंद त्याच्या संस्थेनं सगळ्यांसाठी खुली केली होती. एकोणीस रकाने रिकामे. शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात एरवी 'यंत्र नादुरुस्त' असं काहीतरी असतं. तिथे एकोणीस वेळा लिहिलं होतं — निरीक्षक आजारी आईजवळ होती.

"खरं तेच लिहिलंय," तो म्हणाला. "जगात कुणीही वाचू दे."

मला रडू फुटलं. दोन वर्षं उरावर घेतलेला दगड कुणीतरी असा अलगद उचलला होता.

"सकाळी चिडलो होतो. माफ कर." पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणत होता. "आणि... आणखी एक आहे. हे आकड्यांत बसत नाही." तो रुमालानं चष्मा पुसत राहिला, आधीच लखलखीत असलेला. "उद्या मला परत जायचंय. पण मला... रोज साडेआठला इथे असावंसं वाटतंय. तुझ्याजवळ. कायमचं. चालेल?"

आई दाराशी बाकावर बसून रस्त्याकडे बघत असल्याचं सोंग करत होती. पण मनातलं दाबून ठेवायची हौस माझी पुरती फिटली होती.

"चालेल!" मी ओरडलेच.

"अगं, हळू," आई बाकावरून म्हणाली, "त्याचा चष्मा मोडलाय, कान शाबूत आहेत!"